प्रवेश फी

आमच्या मैदानाला स्टँड नाही,
गटाराच्या झाकणांची एक लांब रांग आहे.
तिच्यावर बसून तेरा वर्षं
आम्ही दारावेच्या वज्र क्लबला शिव्या घालतो.

त्यांची लाल जर्सी धुऊन धुऊन गुलाबी झाली तेव्हा
सुगंधाताई तांडेल कोळंबी सोलता सोलता म्हणाली,
"यो बघा, फ्लेमिंगो आले.
एका पायावर उभं ऱ्हातील,
दुसरा बॉलला लावनार नाय."
ते वाक्य आम्ही दोन सीझन पुरवून वापरलं.

शिबूचं मत: त्यांचा गोलकीपर चांगला आहे,
माणूस म्हणून नाही.
बेकरीत त्याची चारशेची उधारी आहे.
लतीफचं मत: रेफरी विकला गेलाय.
कितीला, विचारलं तर म्हणतो,
हल्ली सगळं स्वस्तात जातं,
आणि तिथून विषय सुटतो तो सुटतोच:
सोन्याचा भाव, सिलिंडर,
कुठल्याशा लढाईत अडकलेली तेलाची जहाजं,
विमानतळाचं नाव, महापालिकेचं पाणी,
साडेबारा टक्क्यांचा तो प्लॉट
जो वैजूच्या आजोबांना मिळणार होता,
मग वडिलांना, आता वैजूला.
"आमची फाइल ऑफसाइड हाय," वैजू म्हणतो.
हाफटाइम संपेपर्यंत
देश एका गोलने मागे पडलेला असतो.

मी करावेच्या मिठागर स्पोर्ट्सचा खजिनदार.
माझ्याकडे बिस्किटांचा एक डबा, एक वही
आणि मे महिन्यापासून तोच आकडा:
चार हजार एकशे दहा.
तुर्भ्याची कंपनी बंद झाली
तेव्हा हातात आलेल्या पैशांतले काही
या वहीत 'एक हितचिंतक' म्हणून जमा आहेत.
घरी हे माहीत नाही.
माहीत असेलही.
बायको हल्ली डब्याकडे बघून हसते.

मग बातमी आली, निश्चिंत पतपेढी बुडाली.
वज्रच्या छातीवर छापलेली, तीच.
शिबूने पफ वाटले.
लतीफ झाकणावर उभा राहून नाचला.
सुगंधाताईची सुरी थांबली, पुन्हा चालू लागली.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"माझं पन होतं थोडं. पोरीच्या लग्नाचं."
कुणी किती ते विचारलं नाही.
पफ हातात तसेच.

वज्रकडे स्पर्धेच्या फीचे पैसे नाहीत,
म्हणजे आम्हाला बाय, थेट फायनल.
"म्हणजे जिंकलो?" छोट्या कृतार्थने विचारलं.
त्या रविवारी झाकणांवर
आम्ही सगळे होतो आणि बोलायला काही नव्हतं.
वैजूने विमानतळ काढून पाहिला,
तोही धावपट्टीवरच राहिला.

सुगंधाताईने कमरेची पिशवी सोडली.
दोनशेची नोट, ओली, कोळंबीच्या वासाची,
माझ्या डब्यात.
"भर त्यांची फी. नायतर मी कुनाला बोलू?
तुला?"
अडीच हजार झाले.
कमी पडलेले तीनशे पुन्हा त्या हितचिंतकाचे.

ते आले. त्याच गुलाबी जर्सीत,
पतपेढीच्या नावावर काळी चिकटपट्टी मारून.
घामाने पट्ट्या सुटत गेल्या.
त्यांच्या स्ट्रायकरच्या छातीवर
'नि' झाकलेला, पुढचं उघडं.
लतीफने ते मोठ्याने वाचायला घेतलं,
शिंकल्यासारखा आवाज झाला,
आणि दोन्ही गावं एकदम हसली,
तो स्ट्रायकरसुद्धा, गोल मारायच्या आधी.

"फ्लेमिंगो!" सुगंधाताई ओरडली,
घसा फाटेपर्यंत,
जशी आपली सगळी ठेव
त्या एका शब्दात परत मागत होती.

दोन-शून्य. आम्ही हरलो.
वहीत लिहिलं: प्रवेश फी, वज्र, अडीच हजार.
खर्चात टाकू की येण्यात, ठरेना,
रकाना कोरा ठेवला.
त्याच्याखाली मात्र स्वच्छ अक्षरात नोंद आहे,
तारीख, सही, सगळं:
दुसरा गोल हँडबॉल होता.